पवई तलाव भरला, म्हणजे नक्की कोणाचं काय झालं?

मांजराकाठची

मंडळी, मी लातूरची. आठ महिने झाले, नोकरीसाठी चांदिवलीत राहते. तीन मुली मिळून एक फ्लॅट घेतलाय. दलालाने 'लेक व्ह्यू' म्हणून महिन्याला दोन हजार चढे लावले. लेक दिसतो, पण कपडे वाळत घालताना बाल्कनीतून डावीकडे मान लांब केली तर.

परवा आईचा फोन आला. टीव्हीवर खाली पट्टी पळत होती म्हणे, 'पवई तलाव ओसंडून वाहू लागला'. आई म्हणाली, "चला बाई, मिटलं बघ तुझं वर्षाचं." मलाही बरं वाटलं. खाली उतरल्यावर वॉचमनकाकांना तेच सांगितलं, तर ते हसायलाच लागले. ते पाणी कोणी पीत नाही म्हणे.

मला काही हसू आलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणीतून आलेलं पाणी आम्ही प्यालोय. तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडे मांजरा धरण भरलं ही बातमी लग्न जमल्यासारखी सांगतात, आणि मृतसाठा हा शब्द बारकी पोरंसुद्धा वापरतात. त्यामुळे हे गणित मला सुटत नाहीये. पाणी प्यायचं नाही तर तो भरल्याची बातमी दरवर्षी कशाला? प्यायचं नव्हतं तर बांधला कशाला? की तो आपोआपच झालाय? आणि काठावर छत्री लावून तासन् तास गळ टाकून बसतात ते कोण? मैत्रीण म्हणते आत मगरी आहेत. हे खरं, की पोरांनी पाण्यात उतरू नये म्हणून उठवलेलं?

इथे जुने पवईकर कोणी असतील तर सांगा. गूगल केलं, पण फ्लॅटच्या जाहिराती सोडून काही मिळालं नाही.

टग्या_साकीनाका

मगरी आहेत. दोनदा पाहिल्यात, दोन्ही वेळा हिवाळ्यात, उन्हं खात पडलेल्या. पहिल्यांदा वाटलं कोणीतरी टायर टाकलाय. मग टायरने तोंड उघडलं.

एवढंच सांगायला आलो होतो. बाकीचं जाणकार सांगतील, मी खुर्ची टाकून बसलोय.

मार्केटगेट

मांजराकाठची, अगं, तुझ्या आईचं वाक्य वाचून आधी हसले आणि मग जरा गप्प झाले. (एकेरी चालेल ना? माझी लेक तुझ्याहून मोठी आहे.)

आम्ही मूळचे कणकवलीकडचे. वडील आयआयटीत एका हॉस्टेलच्या मेसमध्ये होते. मी दोन वर्षांची असताना, म्हणजे १९६८ ला, आम्ही कॅम्पसातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आलो आणि १९९४ ला वडील निवृत्त झाले तेव्हा ती खाली करून निघालो. सव्वीस वर्षं तलाव घराच्या मागे होता. 'लेक व्ह्यू' हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. मच्छर फार म्हणून तलावाकडच्या क्वार्टरला उलट नावं ठेवायचे.

आधी सरळ उत्तर देते. वॉचमन खरं बोलला. मुंबईला पाणी देणारे तलाव सात: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी. पवई त्यात नाही. लोकांचा गोंधळ होतो कारण विहार पवईच्या अगदी शेजारी आहे, मधे रस्ता आणि थोडं रान, एवढंच. पवईचं पाणी आरेच्या दूध वसाहतीला आणि कारखान्यांना देतात, तेही पिण्याखेरीज बाकीच्या कामांना. आणि प्यायचं ठरवलंच तरी पुरणार कोणाला? तलाव काठोकाठ भरला की ५४५ कोटी लिटर. मुंबईला दिवसाला ३८५ कोटी लिटरच्या वरच पुरवतात. म्हणजे अख्खा पवई तलाव उपसला तर मुंबईचे दीड दिवससुद्धा निघायचे नाहीत.

बांधला मात्र पिण्यासाठीच. आपोआप झालेला नाही, टेकड्यांच्या मधे भिंत घालून पाणी अडवलंय. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि शहराची तहान दोघांनाही आवरेना. तानसाचं मोठं काम तेव्हा चालू होतं, पण ते पुरं होईपर्यंत करायचं काय? म्हणून घाईने हा बांधला. १८९० ला काम संपलं, खर्च १२ लाख ५९ हजार रुपये. आणि १८९२ ला तानसाचं पाणी मुंबईत आलं. झालं, पवईची गरज दोन वर्षांत संपली. पाणीही पिण्याजोगं चांगलं नव्हतंच. आमच्या वडिलांचे एक मित्र गिरणीत होते, ते म्हणायचे, हा तलाव म्हणजे बदली कामगार. कायमही केला नाही आणि काढूनही टाकला नाही.

तलावाच्या आधीची पवई त्याहून मजेची. हा सगळा मुलूख १८२९ पासून फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेठजींकडे कंपनी सरकारच्या भाडेपट्ट्याने होता. धोबी तलावाशी त्यांच्याच नावाची इमारत आहे बघ. त्यांनी इथे ऊस लावला, नीळ लावली आणि आंब्याच्या बागा केल्या. १८३८ मध्ये राणी व्हिक्टोरियाला त्यांनी मुंबईहून आंबे धाडले होते. एवढ्या लांबच्या प्रवासात त्या आंब्यांचं काय झालं असेल देव जाणे. आमच्या बाबांचं मत ठरलेलं, देवगडचे असते तर टिकले असते.

नावाचं म्हणशील तर पद्मावती देवीवरून पवई, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. देऊळ आता आयआयटीच्या आवारात, तलावाच्या काठावरच आहे. पवई, तिरंदाज, कोपरी, पासपोली, साकी, तुंगवे अशी ही वेगवेगळी गावं. तुझ्या इमारतीच्या कागदावर यातलं किंवा चांदिवलीचं नाव सापडेल. फ्लॅटवाल्यांना 'तिरंदाज' सांगून बघ, ते हॉटेलचं नाव समजतील.

आता रोजचं सांगते, कारण ते तुला कुठे मिळणार नाही. सकाळी लांबून कारखान्याचा भोंगा यायचा. लार्सन अँड टुब्रोने पवईत जागा घेतली १९४८ ला, म्हणजे आयआयटीच्याही आधी. आयआयटीची पायाभरणी नेहरूंनी १० मार्च १९५९ ला केली. आमच्या बायकांचा सगळा दिवस भोंग्यावर. एक भोंगा म्हणजे नळ जायची वेळ, दुसरा म्हणजे पोरांना शाळेला पिटाळायची. दुपारी सुरुंग. आज जिथे हिरानंदानीच्या त्या खांबाखांबांच्या उंच इमारती आहेत ना, तिथे दगडखाणी होत्या. बार उडाला की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी थरथरायची. आई पदराने पातेलं धरून ठेवायची, जणू पातेलं धरलं की डोंगर थांबणार. तलावाकाठचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, दिवे कमी. संध्याकाळी सातनंतर पायी कोणी जायचं नाही. बिबट्या तेव्हाही यायचा, आजही कॅम्पसात येतो. फरक एवढाच की आम्ही त्याला नुसतं वाघ म्हणायचो आणि फोटो काढायला आमच्याकडे काही नव्हतं.

आणि तलाव भरायचा दिवस. पट्टी कुठली आलीय तेव्हा. आमच्याकडे म्हैस होती. म्हैस म्हणजे दगड. देवळाकडून काठाने थोडं पुढे गेलं की पाण्यात एक काळा कातळ, पाठ वर काढून बसल्यासारखा. उन्हाळ्यात पूर्ण उघडा, त्यावर बसून आम्ही चिंचा खायचो. पाऊस लागला की रोज संध्याकाळी बघायला जायचं. म्हशीचे पाय बुडले, पोट बुडलं. पाठ बुडाली म्हणजे तलाव भरला. मग बाबा मेसमधून कांदे, बेसन काहीतरी आणायचे (आता सांगायला हरकत नाही) आणि चार क्वार्टरची मिळून भजी व्हायची. सांडव्याच्या खालच्या अंगाला वस्तीतली पोरं पाग आणि फाटक्या मच्छरदाण्या घेऊन मासे धरायला उभी. आमच्या कोकणात पावसाच्या सुरुवातीला वलगण चढते, म्हणजे मासे शेतात चढून येतात, तेव्हा जशी झुंबड उडते, अगदी तशी.

आम्ही ते पाणी कधी प्यालो नाही, आमच्या नळालाही तानसा-वैतरणाचंच यायचं. तरी भजी व्हायचीच.

गळवाला

मार्केटगेट ताई, बाकी सगळं मान्य, एक भर घालतो. काठावर छत्री लावून बसतात ते आम्ही. म्हणजे सगळेच नव्हे. अँगलिंग असोसिएशनचं ठाणं तलावावरच आहे, जुनी संस्था आहे. सभासद व्हायचं, परवाना घ्यायचा आणि गळावर बसायचं. रोहू, कटला, मृगळ, मरळ. खडस, ज्याला महसीर म्हणतात, त्याचंही बीज इथे सोडलेलं आहे. चिलापी फार माजली आहे, ती नको म्हटलं तरी येते. आमच्यातले बरेच जण मासा पकडून परत सोडतात. बायको म्हणते, मग जाता कशाला? तिला अजून उत्तर देता आलेलं नाही.

आणि 'तलाव मेला' असं जे पेपरात येतं ते मला पटत नाही. जलपर्णी आहे, खूप आहे. सांडपाण्याची तोंडं तलावात उघडतात आणि त्यावर ती पोसते. मशीन लावून काढतात, पुढच्या मोसमात परत तेवढीच. पण मेलेल्या पाण्यात मगर वीण घालत नाही. पहाटे येऊन बसा, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, खंड्या, सगळे हजर असतात.

मार्केटगेट

@गळवाला, मेलेला मीही म्हणत नाही हो. पण तुम्ही काठावरून बघता तो आत्ताचा. आम्ही त्यात गोधड्या धुतल्यात, म्हणून आम्हाला फरक जास्त दिसतो. (धुवायला बंदी होती. तरी धुवायचो. मगर एका अंगाला, आम्ही दुसऱ्या.)

बैलबाजार

बातमी कशाला देतात, ते अजून कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

ती बातमी आमच्यासाठी असते. मी कुर्ल्याचा, बैल बाजारकडचा. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये येतं, विहार भरला की ते मिठी नदीत सुटतं. पवईच्या सांडव्यावरचं पाणीही फिल्टरपाड्याच्या बाजूने मिठीलाच मिळतं. तिथून मिठी साकीनाका, कुर्ला, कालिना, बीकेसी, धारावी करत माहीमच्या खाडीत जाते. म्हणजे वर भांडी भरली की पुढचा पाऊस अडवायला कोणी उरत नाही, थेट आमच्या दारात. त्यात वर पाऊस आणि खाली भरती एकाच वेळी आली की मिठीला जायला जागाच नसते, ती मागे सरकते. कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या लोकांना दरवर्षी कधी ना कधी शाळेत हलवतात ते याचसाठी.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा बावीस वर्षांचा. दुपारी तीनला घोट्याएवढं पाणी, साडेचारला गॅसचा सिलिंडर घरातल्या घरात तरंगत होता. आजीला टेबलावर, मग टेबलावर ठेवलेल्या खुर्चीत, मग शेजाऱ्यांच्या माळ्यावर. रात्रभर माळ्यावर अकरा माणसं आणि एक बकरी. बकरी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, सकाळी ती आपली आपण चालत गेली.

तेव्हापासून 'पवई भरला' वाचलं की आमच्या घरी रेशनकार्ड आणि आधार प्लास्टिकच्या पिशवीत जातात आणि पिशवी कपाटाच्या डोक्यावर. २०२५ ला तर तलाव जूनमध्येच भरला. पिशवी चार महिने वरच होती. बायको म्हणाली, तिथेच राहू दे कायमची.

भजी तुम्ही खा, ताई. राग नाही. पण खाली काय चालतं तेही धाग्यावर असू दे.

टग्या_साकीनाका

+१. बकरीबद्दल आणखी लिहा.

मार्केटगेट

बैलबाजार, बरं केलंत लिहिलंत. खरं सांगते, आमच्या घरी कधी हा विचारच झाला नाही. पाणी सांडव्यावरून खाली गेलं म्हणजे आमच्या लेखी संपलं. त्यातून कुर्ल्याला माझी सख्खी मावशी राहायची! ती फोनवर म्हणायची, "तुमचा तलाव आवरा." आम्हाला ती थट्टा वाटायची. तिचं घर चढावर होतं म्हणून तीही हसायची, हे आत्ता ध्यानात येतंय.

नवीन_सभासद_४१

ताई, हिरानंदानीबद्दल लिहा ना. ती जमीन सरकारने कशी दिली वगैरे.

मार्केटगेट

तो विषय काढला तर मूळ धागा बाजूला राहील. १९८६ चा करार, त्यात ४० आणि ८० चौरस मीटरची परवडणारी घरं बांधायची अट, आणि २०१२ चा हायकोर्टाचा आदेश. एवढं धरून शोधा, वाचायला भरपूर मिळेल. नवीन धागा काढा, मी येईन भांडायला.

माझ्यापुरतं सांगते. खाणी बंद होऊन इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा बाबांना निवृत्तीला सात-आठ वर्षं होती. सुरुंग थांबले, आईची भांडी शांत झाली, आम्ही खूश. एका रविवारी बाबा चांगला शर्ट घालून नमुन्याचा फ्लॅट बघायला गेले. तिथल्या मुलीने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, छापील पुस्तिका दिली. घरी येऊन म्हणाले, "माणसं चांगली आहेत." भाव काय ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती पुस्तिका बरीच वर्षं घरात होती, गुळगुळीत कागद, माझ्या धाकट्या भावाने तिची वह्यांना कव्हरं घातली. १९९४ ला आम्ही बदलापूरला गेलो. तिथे नदी आहे, उल्हास. बाबांनी महिन्याभरात तिच्या काठावर दगड शोधून ठेवला. पण तो म्हशीसारखा नव्हता, त्याला ते नुसतं 'तो दगड' म्हणायचे.

अवांतर: तलावाच्या कडेने सायकलचा रस्ता करायला घेतला होता तो हायकोर्टाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला. मेट्रोचे खांब आता रस्त्याच्या मधे उभे आहेत, त्यामुळे बसमधून पूर्वीसारखा तलाव दिसत नाही. मांजराकाठची, तुला खरंच बघायचा असेल तर गणेश घाटाकडे जाऊ नकोस, तिथे सेल्फीवाले फार. कॅम्पसात कोणी ओळखीचं असेल तर पद्मावतीच्या देवळाकडे जा.

मांजराकाठची

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. बैलबाजार दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आईलाही फोनवर वाचून दाखवला. आमच्याकडे तलाव भरलेला कोणाला नको असतो ही गोष्टच तिला पटेना. म्हणाली, "मग ते जास्तीचं पाणी इकडं धाडून द्या म्हणावं, रेल्वेनं." मी म्हटलं ते पिण्याजोगं नाही. म्हणाली, "म्हशींना चालंल की."

आज ऑफिसातल्या एकीच्या भावाला धरलं, तो तिथे एमटेक करतो. त्याने गेटवर नोंद करून आत नेलं. देवीचं दर्शन घेतलं आणि ताईंनी सांगितलं तसं काठाने पुढे गेलो. पाऊस नुकता थांबला होता. मी दगड शोधत होते, तो कुठेच नाही. त्या मुलालाही कसली म्हैस आणि कसलं काय, तो आपला बिबट्या आला तर म्हणून मागे बघत होता.

मग काठापासून थोडं आत एक पाणकावळा दिसला. पंख पसरून वाळवत, भर पाण्यात उभा. पोहत नव्हता, नुसता पाण्यावर उभा. त्याच्या पायाखाली दोन बोटंसुद्धा पाणी नसेल.

ताई, तीच का?

मार्केटगेट

तीच गं.